बुलगोगी करताना आधी रसाचं ठरवा

बुलगोगी म्हणजे बीफचे पातळ काप मसाल्यात मुरवून भाजायचा कोरियन पदार्थ, ती करायची म्हटलं की बहुतेक जण आधी विचारतात सोया सॉस किती घालू, साखर किती घालू. खरं तर त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवायला लागते, ती म्हणजे बीफमधून जो रस सुटणार आहे त्याचं काय करायचं, तो पॅनमध्ये धरून ठेवायचा आणि भातावर ओतून घ्यायचा, की निखाऱ्यावर उडवून टाकायचा आणि मांस खरपूस करायचं. हे एकदा ठरलं की मांस कुठलं घ्यायचं, किती पातळ कापायचं, किती वेळ मुरवायचं, आंच किती हवी, सगळं त्यातूनच ठरत जातं. आणि ठरवलं नाही की मांस ना धड भाजलेलं होतं ना धड रश्श्यातलं, करड्या रंगाचं, पाण्यात पडलेलं, आणि मग लोक म्हणतात रेसिपी चुकली. रेसिपी बरोबर असते हो बहुतेक वेळा, पाणी जास्त झालेलं असतं.

कोरियात तर या एका प्रश्नावरून गावागावाच्या पद्धती वेगळ्या आहेत. सोलची जी पद्धत आहे त्यात मधे फुगीर आणि कडेला खोलगट चर असलेलं पॅन असतं, मांस वरच्या फुगीर भागावर भाजतं आणि रस खाली चरात जमतो, तिथे थोडं सूप ओतलेलं असतं, त्यात दांगम्यॉन म्हणजे रताळ्याच्या स्टार्चच्या पारदर्शक नूडल्स आणि मशरूम शिजत राहतात. ही चव गोड, ओलसर. दुसरी उल्सानमधल्या ऑन्यांगची, तिथे मांस अगदी बारीक कापून हलकं मुरवून जाळीवर दाबून पसरतात आणि कोळशावर भाजतात, रस्सा वगैरे काही नाही. ग्योंगबू एक्स्प्रेसवे १९७० मध्ये पूर्ण झाला, त्याच्या बांधकामावरचे लोक इथे जेवायचे आणि त्यांनीच या पदार्थाचं नाव देशभर नेलं असं सांगतात. तिसरी दक्षिणेकडच्या ग्वांगयांगची, आणि मला स्वतःला हीच सगळ्यात जास्त आवडते. तिथे मांस पातळ कापतात पण आधीपासून मुरवत ठेवत नाहीत, भाजायच्या अगदी आधी हलका मसाला लावतात आणि लगेच कोळशावर जाळी ठेवून भाजतात. मांसाला पाणी सोडायला वेळच देत नाहीत.

या सगळ्यांच्या मागे जोसन राजघराण्याच्या काळातली नॉबियानी आहे, राजवाड्यात आणि उमरावांच्या घरी व्हायची ती. त्यात तुकडे आजच्यापेक्षा जाड असायचे आणि मऊ पडावेत म्हणून सुरीने वरून चिरा द्यायचे. आज मशीनवर कापलेलं पातळ मांस मिळतं त्यामुळे ते काम वाचलं.

आता मांस. कोरियात सुपरमार्केटमध्ये बुलगोगीसाठी म्हणून वेगळं लेबल लावलेलं कापलेलं मांस मिळतं, आणि ते बऱ्याचदा महागड्या भागाचं नसतं, मागच्या मांडीचं म्हणजे उदुन किंवा सॉल्दो असतं, नाहीतर पुढच्या पायाचं. हे भाग कमी चरबीचे, चवीला छान पण रेषा जाड, म्हणून पातळ कापणं आणि मुरवणं दोन्ही लागतं. दुंगशिम म्हणजे रिबआय घेतलं तर मऊपणाची काळजीच नाही, पण मग त्याला गोड सॉसमध्ये रात्रभर बुडवून ठेवणं म्हणजे चांगल्या मांसाची चव झाकून टाकणं. हानू म्हणजे कोरियन गुरांचं मांस, त्याला १++, १+, १, २, ३ अशा ग्रेड असतात आणि वरची ग्रेड मुख्यतः मांसात पसरलेल्या चरबीच्या जाळीवर ठरते. १++ चं मांस कोरियन लोक नुसतं मीठ लावून भाजतात, ते बुलगोगीला घालवू नका. माझं मत विचाराल तर मानेजवळचं मोकशिम म्हणजे चक सगळ्यात बेस्ट, चरबी पुरेशी, चव दणकट, किंमत आवाक्यात.

कापण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण अर्धं यश इथेच आहे. अखंड तुकडा घेतलात तर तो प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये दीड ते दोन तास ठेवा, दगड व्हायला नको, बोटाने दाबलं की वरून कडक आणि आत किंचित दबेल इतपत. मग मांसाच्या रेषा कुठल्या दिशेने जातायत ते नीट बघा आणि त्यांना आडवं कापा, रेषांच्या दिशेने कापलंत तर कितीही मुरवलं तरी चघळत बसावं लागतं. जाडी २ ते ३ मिलिमीटर. त्याहून पातळ, म्हणजे १ मिलिमीटरच्या आसपास, ते रश्श्यातल्या सोल पद्धतीला चालतं पण जाळीवर फाटतं आणि भाजायच्या आत कोरडं पडतं. सुरी धारदार हवी, आणि सुरी खाली दाबायची नाही, लांब ओढत कापायची. एखादा तुकडा जाडा आला तर सुरीच्या मागच्या बाजूने हलके हलके ठोकून घ्या.

कापून झालं की पुढची पायरी बरेच जण गाळतात. मांस किचन पेपरवर एका थरात पसरायचं, वरून दुसरा पेपर, आणि हाताने दाबून लाल पाणी टिपून घ्यायचं. पेपर ओला गुलाबी होईल, तो बदलून परत एकदा. गोठवलेलं मांस वितळवून घेतलं असेल तर हे हवंच, कारण त्यात पाणी जास्त सुटतं. हे पाणी तसंच राहिलं तर सॉस पातळ होतो, वास येतो, आणि तव्यावर मांस भाजण्याऐवजी उकडतं. पाण्यात धुवायचं मात्र नाही.

मग मसाला. लक्षात ठेवायला सोपं प्रमाण म्हणजे दर १०० ग्रॅम मांसाला १ मोठा चमचा सोया सॉस आणि अर्धा मोठा चमचा साखर. कोरियात मांस अजूनही कित्येक ठिकाणी गुन या मापात बोलतात, मांसाचा १ गुन म्हणजे ६०० ग्रॅम, चार जणांना भाताबरोबर पुरतं, त्यामुळे हिशोब ६०० ग्रॅमचाच धरू. सोया सॉस ६ मोठे चमचे, साखर ३ पण कोरियन पेअर (आपल्या नाशपातीच्या जातीचं फळ) घालणार असाल तर २ पुरे, ठेचलेली लसूण दीड मोठा चमचा, बारीक चिरलेल्या कांद्याच्या पातीचे पांढरे भाग ३ मोठे चमचे, तांदळाची वाइन चॉंगजू २ मोठे चमचे, मिरपूड अर्धा छोटा चमचा, भाजलेल्या तिळाचं तेल दीड मोठा चमचा आणि भाजून चुरडलेले तीळ १ मोठा चमचा. चमचा म्हणजे १५ मिलीचा, सपाट. आलं घालायचं तर अगदी थोडं, मी घालत नाही, पेअरचा वास दबतो.

सोया सॉसमध्ये गोंधळ होतो म्हणून सांगून ठेवते. कोरियन दुकानात तीन तरी प्रकारच्या बाटल्या असतात. यांगजो गानजांग हा नैसर्गिकरीत्या आंबवलेला, जिन गानजांग बहुतेक वेळा मिश्र असतो पण मांसाला तोही चालतो, आणि गुक गानजांग हा सूपसाठीचा, रंगाने फिका आणि चवीला बराच खारट. तो ६ चमचे घातलात तर खारट ढोण होईल. पहिल्या दोनांपैकी कुठलाही घ्या. चिनी डार्क सोया इथे नको, रंग काळा येतो आणि मांस भाजलंय का जळलंय तेच कळत नाही.

आता पेअर, ज्याच्यामुळे ही चव येते. कोरियन पेअर गोल, मोठं, पिवळट तपकिरी सालीचं, चावलं की रस गळणारं असतं, नाजू शहराचे पेअर त्यात प्रसिद्ध. शरद ऋतूत निघतात आणि छुसॉकच्या सणाला भेट म्हणून पेट्याच्या पेट्या जातात. त्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, ते मांसाच्या रेषा सैल करतं, आणि सोबत गोडवा देतं जो साखरेपेक्षा हलका लागतो. ६०० ग्रॅमला पाव पेअर आणि पाव कांदा एकत्र किसून घ्या. सोल पद्धतीला सगळा किस रसासकट घाला. जाळीवर भाजणार असाल तर किस फडक्यात पिळून फक्त रस घ्या, ४ मोठे चमचे पुरेत, कारण गर मांसाला चिकटून राहतो आणि मांसाच्या आधी तोच जळून काळा होतो. किसणीवर किसलेलंच घ्या असा माझा आग्रह आहे, मिक्सरमध्ये फार फेस होतो आणि पाणी घालायचा मोह होतो.

कोरियन पेअर मिळालं नाही तर आपली साधी नाशपाती किंवा गोड सफरचंद चालतं, मऊपणा थोडा कमी येईल इतकंच. डब्यातलं पेअर किंवा बाटलीतला ज्यूस घातला तर गोडवा येईल पण मांस मऊ होणार नाही, कारण उष्णता दिली की एन्झाइम निकामी होतं. किवी हा पर्याय लोक सुचवतात, आणि तो चालतोही, पण जपून, किवीचं एन्झाइम फार जोरदार आहे. ६०० ग्रॅमला १ मोठा चमचा किवी आणि जास्तीत जास्त अर्धा तास, त्यापुढे मांस बाहेरून पिठूळ, लगद्यासारखं व्हायला लागतं आणि ते परत नीट करता येत नाही. ताज्या अननसाचंही तसंच.

घालण्याचा क्रमही सांगते. आधी साखर आणि पेअरचा रस मांसाला हाताने चोळून १० मिनिटं ठेवायचा, मग सोया सॉस, वाइन, लसूण, पात, मिरपूड, आणि तिळाचं तेल सगळ्यात शेवटी. कोरियन घरात तेल शेवटी घालतात, कारण तेलाचा थर आधी बसला की बाकीचं मांसात नीट मुरत नाही. मिसळताना प्रत्येक काप सुटा करून उचला आणि परत भांड्यात सोडा, एकमेकांना चिकटलेले काप तसेच राहिले की मधला भाग पांढरा फटक आणि अळणी राहतो. मुठीत दाबून मळू मात्र नका, पातळ मांस फाटतं.

किती वेळ मुरवायचं. पातळ काप असतील तर ३० मिनिटांत चव लागते, १ ते २ तास उत्तम, आणि पेअर घातलेलं मांस फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलं तरी चालतं, पण सोया सॉसमधलं मीठ जितका वेळ मिळेल तितकं मांसातलं पाणी बाहेर ओढत राहतं हे लक्षात ठेवा. म्हणून जाळीवर खरपूस हवं असेल तर कमी वेळ, अर्धा तास, किंवा सरळ ग्वांगयांगसारखं भाजायच्या तोंडावर मसाला लावा, तेव्हा सोया सॉस ४ चमच्यांवर आणा आणि साखर दीडवर. रश्श्यातलं हवं असेल तर खुशाल जास्त मुरवा, जे पाणी सुटेल ते तसंही खाणारच आहात. मुरवणं कायम फ्रीजमध्ये, ओट्यावर नाही.

कोळशावर भाजायचं असेल तर मांस १५ ते २० मिनिटं आधी फ्रीजबाहेर काढा आणि चाळणीत ओतून जादा सॉस निथळू द्या, खाली भांडं ठेवा. कोळशाच्या ज्वाला पूर्ण संपून निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबा, इथे घाई केली की मांसाला धुराचा कडू वास लागतो. जाळीच्या उंचीवर हात धरून बघा, २ ते ३ सेकंदांत हात ओढून घ्यावासा वाटला की धग बरोबर. कोरियात यासाठी सॉकस्वे वापरतात, दोन जाळ्या बिजागरीने जोडलेल्या आणि लांब दांडा, मधे मांस पसरून बंद करायचं आणि अख्खी जाळी उलटायची. पातळ मांसाला याच्यासारखं दुसरं साधन नाही, नुसत्या उघड्या जाळीवर तुकडे खाली पडतात आणि एकेक उलटेपर्यंत पहिला जळतो. जाळी आधी तापवून घ्या, मग तेलात बुडवलेला पेपर चिमट्यात धरून पुसून घ्या, मग मांस एका थरात.

आता लक्ष दुसरीकडे नको. ३० ते ४० सेकंदांत कडा आक्रसायला लागतात, वरच्या बाजूला रसाचे थेंब येतात, थेंब आले की उलटा. दुसरी बाजू ३० सेकंद. मग दर १५-२० सेकंदांनी उलटत राहा, साखर असल्यामुळे एकाच बाजूला ठेवलं की रंग सोनेरीवरून काळा व्हायला अगदी थोडा वेळ लागतो. कडांना गडद तपकिरी ठिपके आणि मधे चकाकी, इतकं झालं की उतरवा, एकूण २ ते ३ मिनिटांचा खेळ. चरबी आणि तिळाचं तेल टपकून ज्वाळा उठल्या तर पाणी मारू नका, राख उडते, जाळी बाजूला घ्या आणि ज्वाळ बसली की परत आणा.

कोळसा नसेल तर बिडाचा तवा किंवा जड पॅन, नॉनस्टिक शक्यतो नको कारण ते इतकं तापवायचं नसतं. तवा मोठ्या आंचेवर हलका धूर निघेपर्यंत तापवा, अर्धा छोटा चमचा तेल, आणि एका वेळी फक्त १५० ग्रॅम मांस. म्हणजे ६०० ग्रॅमच्या चार खेपा. मला माहितीये चार खेपा म्हणजे कंटाळा येतो, पण सगळं एकदम टाकलं की तव्याची धग बसते, रस सुटतो आणि साचतो, आणि एकदा तव्यावर पाणी साचलं की ते आटेपर्यंत मांस तपकिरी होतच नाही, तोवर मात्र ते शिजून वातड झालेलं असतं. मांस टाकलं की पसरा आणि ४५ सेकंद हात लावू नका. उलटा, ३० सेकंद, बाहेर. तरीही रस साचलाच तर मांस ताटलीत काढून घ्या, रस मोठ्या आंचेवर आटवून पाकासारखा घट्ट करा आणि मग मांस परत टाकून १० सेकंद घोळवा, चकाकी सुंदर येते. दोन खेपांच्या मधे तवा ओल्या पेपरने चिमट्यात धरून पुसा, नाहीतर पहिल्या खेपेची जळकी साखर दुसरीला कडू करते. खिडकी उघडी ठेवा, धूर होतोच.

सोल पद्धतीसाठी दांगम्यॉन आधी थंड पाण्यात अर्धा तास भिजवा. दाशिमा म्हणजे केल्प या समुद्री शेवाळाचा वाळवलेला तुकडा पाण्यात उकळून केलेलं १ कप सूप, त्यात १ मोठा चमचा सोया सॉस आणि अर्धा साखर. फुगीर पॅन नसेल तर पसरट भांडं चालतं, मांस मधे, कडेने उभा चिरलेला कांदा, मशरूम, नूडल्स, आणि सूप कडेने. इथे मांस तपकिरी झालं नाही तरी बिघडत नाही, रंग बदलला की लगेच खायला घ्यायचं, उकळत ठेवायचं नाही. नूडल्स रस ओढून घेतात, सूप कमी झालं की थोडं थोडं घाला. शेवटी कांद्याची हिरवी पात.

कच्च्या मांसाचा उरलेला सॉस वरून ओतू नका, वापरायचाच तर खळखळ उकळवून. आणि कच्चं मांस उचलायचा चिमटा वेगळा, भाजलेलं उचलायचा वेगळा.

खायला सांगछू म्हणजे लेट्यूसची पानं आणि क्केन्निप, पेरिलाची पानं, दोन्ही धुऊन पूर्ण कोरडी केलेली. तळहातावर लेट्यूस, त्यावर पेरिला, थोडा भात, मांसाचे एक-दोन काप, स्सामजांग म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची तिखट घट्ट चटणी बोटाच्या टोकाएवढी, कच्च्या लसणाची एक चकती, आणि पानाची पुरचुंडी करून अख्खी एकाच घासात तोंडात. अर्धी चावून ठेवायची पद्धत नाही, म्हणून पुरचुंडी बेतानेच बांधा. स्सामजांग स्वतः खारट असतं, बुलगोगीही मुरवलेली, त्यामुळे थोडंच. मी सोबत पातीचे लांब बारीक धागे थंड पाण्यात बुडवून, निथळून, थोडं व्हिनेगर, तिळाचं तेल आणि कोरियन मिरचीची भरड लावून ठेवते, गोड मांसाबरोबर ते तिखट आंबट फार छान जुळतं. टेबलावर मोठी माणसं असतील तर त्यांनी चमचा उचलला की मग बाकीच्यांनी सुरू करायचं, हा कोरियातला रिवाज.

जास्त केलं असेल तर मुरवलेलं कच्चं मांस फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठीक, त्यापुढे फ्रीजर. पिशवीत भरून हाताने सपाट पसरवून गोठवा, गोळा करून नाही, म्हणजे पटकन वितळतं आणि हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. किवी घातलेलं असेल तर ते गोठवू नका, वितळताना एन्झाइम परत कामाला लागतं. वितळवायचं ते रात्रभर फ्रीजमध्येच, आणि तव्यावर टाकायच्या आधी परत एकदा चाळणीत. भाजून उरलेलं असेल तर किंबापमध्ये, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदात गुंडाळलेल्या भाताच्या रोलमध्ये, घालायला उत्तम, पण आधी तव्यावर कोरडं परतून पूर्ण गार करून घ्या, ओलं राहिलं तर तो कागद मऊ पडून कापताना फाटतो.